काच तीच, वजन तेच, तरी तडा रोज वेगळ्या वेगाने का सरकतो?

ऑगस्टमध्ये तडा तासाला ४ मिलिमीटर सरकला. जानेवारीत त्याच शीटमधून कापलेल्या पट्टीवर तेवढंच वजन टांगलं, तर तासाला जेमतेम १. मार्चमध्ये नवीन शीट आणली आणि पहिल्याच दिवशी १८. मुलं वही घेऊन समोर उभी. "मॅडम, काचेतच काहीतरी घोळ आहे."

घोळ काचेत नसतो. नाशिकला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मी काचेत हळूहळू सरकणाऱ्या तड्याचा वेग मोजायचा हा प्रयोग बरीच वर्षं करून घेते आहे आणि ही तक्रार दर वर्षी येते. कारणंही दर वर्षी त्याच चार-पाच जागी सापडतात. त्यातल्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केल्या आहेत. तुमचे आकडे जुळत नसतील, तर मशीन बदलण्याआधी किंवा काचवाल्याशी भांडण्याआधी पुढे लिहिलंय त्या क्रमाने तपासून बघा.

आमची मांडणी आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. खिडकीला लावतात ती साधी सोडा-लाइम काच, ३ मिलिमीटर म्हणून विकत घेतलेली. टफन केलेली काच चालत नाही, ती कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. पट्टी १५० मिलिमीटर लांब आणि ५० रुंद. एका टोकाला मधोमध छोटी खाच, आणि खाचेच्या टोकापासून काळजीपूर्वक सुरू केलेला एक तडा. पट्टीच्या दोन्ही लांब कडा दोन समांतर दांड्यांवर टेकवायच्या, खाचेच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या दुकानातला एकेक छर्रा ठेवायचा आणि त्या दोन छर्ऱ्यांवर आडवी पट्टी ठेवून तिला खाली वजन टांगायचं. काचेच्या पट्टीचे डावा-उजवा असे दोन अर्धे उलट दिशांनी पिळले जातात आणि तडा मधल्या रेषेवरून पुढे जातो. याला डबल टॉर्शन म्हणतात. इव्हान्सने १९७२ मध्ये ठिसूळ पदार्थांतल्या अशा मंद तड्यांसाठी ही पद्धत वापरून दाखवली. तिचा मोठा फायदा म्हणजे तडा कितीही लांब झाला तरी त्याच्या टोकावरची ताण-तीव्रता, म्हणजे टोकाशी ताण किती एकवटला आहे त्याचं माप, बदलत नाही. मात्र दोन्ही टोकांकडे साधारण अर्ध्या रुंदीहून थोडी जास्त लांबी सोडून द्यायची. आमच्या पट्टीत ३० ते ११५ मिलिमीटर एवढाच भाग कामाचा. या पट्ट्यात वजन स्थिर असेल, तर वेगही स्थिर राहायला हवा.

या ताण-तीव्रतेला आम्ही नुसतं 'के' म्हणतो. साध्या काचेत 'के' ०.७५ मेगापास्कल रूट मीटरच्या आसपास गेला की काच तत्क्षणी फुटते. त्याच्या खाली, ०.२५ ते ०.३ पर्यंत, ती फुटत नाही पण तडा सरकत राहतो. कधी तासाला काही मिलिमीटर, कधी दिवसाला काही मायक्रॉन. आमच्या मापांच्या पट्टीवर २.६८ किलो टांगले की 'के' ०.५ येतो.

सगळ्या गोंधळाची गुरुकिल्ली एका आकड्यात आहे. या मधल्या भागात तड्याचा वेग 'के'च्या साधारण सोळाव्या घाताप्रमाणे बदलतो. चार्ल्सने १९५८ मध्ये सोडा-लाइम काचेसाठी हा १६ काढला. मुलं हा आकडा पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि प्रयोगशाळेत आल्यावर विसरतात. कॅल्क्युलेटर घ्या आणि १.०१ चा सोळावा घात काढा. १.१७ येतो. म्हणजे 'के'त एक टक्का चूक झाली की वेगात सतरा टक्के. पाच टक्क्यांची चूक वेग दुप्पट करते. दहा टक्क्यांची साडेचारपट. तारेचा ताण मोजताना पाच टक्के चूक आपण सहज सोडून देतो. तीच सवय इथे आणली तर काच रोज स्वभाव बदलते असं वाटणारच.

तेव्हा पहिलं काम असं करा. नवीन पट्टी घेऊ नका. आहे त्याच पट्टीवर एक वजन लावून वेग मोजा, वजन थोडं वाढवून पुन्हा मोजा, आणि मग पहिलं वजन परत लावून तिसऱ्यांदा मोजा. हे एकाच बैठकीत. पहिला आणि तिसरा वेग जुळले, पण वेगळ्या पट्ट्यांचे वेग जुळत नसतील, तर चूक मापांत आहे: जाडी किंवा छर्ऱ्यांची जागा. एकाच पट्टीवर सकाळ-संध्याकाळ फरक पडत असेल, तर हवा किंवा वजन. आणि रात्रभर तसंच ठेवलेल्या तड्यावरच गडबड होत असेल, तर ती तड्याच्या जुनेपणाची. एवढ्या एका चाचणीने निम्मं शोधकाम वाचतं.

जाडी

मार्चच्या त्या १८ मिलिमीटरचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं होतं. मुलांनी सूत्रात जाडी ३ घातली होती, कारण बिलावर ३ एमएम लिहिलेलं होतं. मी स्क्रू गेज हातात दिलं. नवीन शीटमधली पट्टी २.८० भरली. जुनी खरोखरच ३.०० च्या जवळ होती.

यात दुकानदाराची काही चूक नाही. ३ मिलिमीटरच्या फ्लोट काचेत ०.२ मिलिमीटर इकडेतिकडे असणं प्रमाणात बसतं. खिडकीला त्याने काही बिघडत नाही. आपलं मात्र बिघडतं, कारण या पद्धतीत 'के' जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ३ च्या जागी २.८ म्हणजे 'के' पंधरा टक्क्यांनी जास्त, आणि पंधरा टक्क्यांचा सोळावा घात म्हणजे वेग नऊपट. नऊपट! काच न बदलता, हवा न बदलता, फक्त दोन दशांश मिलिमीटरने.

व्हर्नियरवर विसंबू नका. त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर धरलं, तर तेवढ्याच चुकीने वेगात पंचवीस टक्के फरक पडतो. स्क्रू गेजने ०.०१ पर्यंत मोजा, तेही तडा जिथून जाणार त्या मधल्या रेषेवर तीन ठिकाणी. आणि स्क्रू गेजची शून्य त्रुटी आधी बघा. अकरावीत हे सगळ्यांनी केलेलं असतं, पण प्रोजेक्टच्या घाईत कुणी करत नाही.

याच सूत्रात छर्रा आणि दांडा यांच्यातलं आडवं अंतर येतं. आमच्याकडे ते २० मिलिमीटर. छर्रा अर्धा मिलिमीटर सरकून बसला की 'के'त अडीच टक्के आणि वेग जवळजवळ दीडपट. आम्ही शेवटी एका पातळ पत्र्याला दोन भोकं पाडून छर्ऱ्यांची जागा कायमची ठरवून टाकली. तडा मधली रेष सोडून एका बाजूला झुकत असेल, तर हेच तपासा. दोन छर्ऱ्यांवर भार सारखा पडत नाहीये किंवा दांडे एका पातळीत नाहीत. काही जण तड्याला वाट दाखवायला पट्टीच्या खालच्या बाजूला चर पाडतात. मी ते बंद केलं. चर पाडताना काचेत बारीक इजा होते आणि मग तडा त्या इजेशी बोलायला लागतो. मांडणी नीट असेल, तर तडा चराशिवाय सरळ जातो.

वजन

दोन गोष्टी सारख्या राहून जातात. पहिली, हूक आणि आडव्या पट्टीचं स्वतःचं वजन. आमचं हूक आणि पट्टी मिळून दीडशे ग्रॅम भरतात. २.६८ किलोत ते धरले नाहीत, तर साडेपाच टक्क्यांची चूक आणि वेग दुपटीहून जास्त. सगळं सामान एकत्र तराजूवर ठेवून मोजा. वजनंसुद्धा शिक्क्याची घ्या, किंवा चांगल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्वतः मोजून त्यांच्यावर आकडा लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट मला दोन आठवडे छळून गेली. सुरुवातीच्या एका वर्षी वजनं पुरेशी नव्हती, म्हणून मी स्टीलच्या उघड्या डब्यात पाणी भरून तोच टांगला. पाणी थेंबाथेंबाने वाढवता येतं, मला ते फार सोयीचं वाटलं. एप्रिलचे दिवस, वर पंखा चालू. तडा पहिल्या दिवशी नीट चालला, दुसऱ्या दिवशी मंदावला, तिसऱ्या दिवशी आणखी. मी काचेवरचे लेख उघडून बसले. सरकता सरकता तडा दमतो की काय, असंही मनात आलं. मग एका संध्याकाळी डब्याच्या आतल्या बाजूला पांढरी कड दिसली: पाणी आधी जिथपर्यंत होतं ती क्षारांची रेष. ती आणि पाणी यांच्यात तीन मिलिमीटर मोकळी जागा. तेवढ्या पाण्याचं वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे दोन टक्क्यांना थोडं कमी. तेवढ्याने वेग सव्वीस टक्क्यांनी उतरतो. तेव्हापासून लोखंडी वजनंच. वाळूही नको, ती पावसाळ्यात ओल धरते.

हवा

इथे थोडं जास्त लिहिते, कारण नाशिकमध्ये बसून हा प्रयोग करणाऱ्याला खरी अडचण इथेच येते.

रविवार कारंजाजवळच्या ज्या काचवाल्या काकांकडून आम्ही पट्ट्या कापून घेतो, त्यांच्याकडे एकदा मुलांना घेऊन गेले होते. काकांनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या कटरने रेघ मारली आणि एका झटक्यात काच तोडली. एका मुलाने विचारलं, रेघ आत्ता मारून दुपारी तोडली तर? काका म्हणाले, "नाही बाळा, रेघ मारली की लगेच तोडायची. रेघ शिळी झाली की काच ऐकत नाही." मग हसून म्हणाले, "आणि जाड नळी तुटत नसली ना, तर रेघेला बोट ओलं करून लावायचं. पाणी लागलं की मुकाट तुटते."

त्यांच्या दोन वाक्यांत आपला अख्खा विषय आहे. पहिल्या वाक्याकडे पुढे येते. दुसरं वाक्य पाण्याबद्दल. काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांची जाळी. तड्याच्या टोकावर हे बंध ताणलेले असतात. हवेतला पाण्याचा रेणू तिथे पोचला की ताणलेल्या बंधाशी रासायनिक क्रिया करतो आणि एका बंधाच्या जागी दोन वेगळी टोकं उरतात, दोघांवर एकेक हायड्रॉक्सिल. बंध तुटला, तडा एका पावलाने पुढे. मिशाल्स्के आणि फ्रीमन यांनी १९८२ मध्ये ही क्रिया रेणूच्या पातळीवर मांडली. तडा मंद चालतो तो या क्रियेच्या वेगाने. पाणी नसेल, तर मंद चालणंही जवळजवळ थांबतं.

हवेतल्या ओलाव्याचा हिशेब त्याआधीच झाला होता. वीडरहॉर्नने १९६७ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या घेऊन, ठरावीक ओलाव्याच्या नायट्रोजनमध्ये वेग मोजले. कमी वेगाच्या भागात तड्याचा वेग साधारणपणे सापेक्ष आर्द्रतेच्या प्रमाणात वाढतो. नाशिकमध्ये ऑगस्टच्या पावसात खिडकी उघडी असेल, तर आर्द्रता ८५ ते ९०. एप्रिलच्या दुपारी तीच २० च्या खाली. नुसत्या आर्द्रतेने चौपटीहून जास्त फरक झाला.

त्यावर तापमान. मधल्या भारावर सोडा-लाइम काचेत दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो. जानेवारीत इथे सकाळी दहा-बारा अंश म्हणजे नेहमीचंच, निफाडकडे तर त्याहून खाली जातं. म्हणून ऑगस्टचे ४ मिलिमीटर जानेवारीत १ झाले: थोडं हवा कोरडी झाल्याने, जास्त करून गारठ्याने. एप्रिलची गोष्ट अधिक फसवी आहे. हवा कोरडी म्हणून वेग उतरतो, पण गरम म्हणून चढतो. दोन चुका एकमेकींना झाकतात, आकडा बरा येतो, आणि आपण समजतो की हवेचा काही संबंध नाही.

आमच्याकडे हे सगळ्यात आधी एका मुलाच्या लक्षात आलं, त्याच्या घरी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. तो म्हणाला, "मॅडम, पानावर ओल राहिली की डावणी, म्हणजे बुरशीचा रोग येतो, म्हणून वडील बागेत आर्द्रतेचं यंत्र लावून रोज आकडे लिहितात. आपण का लिहीत नाही?" खरंच, आम्ही लिहीत नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्याने घरचं एक जास्तीचं हायग्रोमीटर आणलं आणि ते तड्यापासून वीतभर अंतरावर ठेवलं. त्या आठवड्यापासून वहीत प्रत्येक वेगाशेजारी दोन रकाने वाढले.

आकडे लिहिल्याने कारण कळतं, पण हवा काबूत येत नाही. त्यासाठी महागडी चेंबर लागत नाही. झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा किंवा ॲक्रिलिकची पेटी घ्या, पूर्ण मांडणी आत मावेल एवढी. आत एका पसरट ताटलीत क्षाराचं संपृक्त द्रावण ठेवा आणि हवा फिरवायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा. प्रत्येक क्षार आपल्यावरची हवा एका ठरलेल्या आर्द्रतेवर धरून ठेवतो. २५ अंशांना लिथियम क्लोराइड ११ टक्क्यांवर, मॅग्नेशियम क्लोराइड ३३, पोटॅशियम कार्बोनेट ४३, साधं मीठ ७५, पोटॅशियम सल्फेट ९७. द्रावण पातळ पाण्यासारखं नको. ताटलीत न विरघळलेला क्षार दिसत राहिला पाहिजे, ओल्या वाळूसारखा. तो पूर्ण विरघळला की आर्द्रता घसरू किंवा चढू लागते आणि आपल्याला कळतही नाही. मीठ प्रयोगशाळेतलं शुद्ध घ्या. स्वयंपाकघरातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून इतर गोष्टी घातलेल्या असतात. पेटी बंद करून रात्रभर सोडा, सकाळी मोजमाप सुरू करा.

हायग्रोमीटरचीही परीक्षा याच मिठाने होते. त्याला झाकणबंद डब्यात ओल्या मिठाशेजारी रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवलं पाहिजे. बाजारातली स्वस्त यंत्रं पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतात. हरकत नाही, चूक किती ते त्याच्यावर लिहून ठेवा.

पेटी नसेल, तर निदान दोन गोष्टी टाळा. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून तड्यावर वाकलात की तुमचा उच्छ्वास थेट तड्यावर जातो. थंडीत तर तो काचेवर धुक्यासारखा दिसतो. तोंडावर मास्क लावा किंवा मध्ये ॲक्रिलिकचा तुकडा उभा करा. आणि तड्यावर पिवळा बल्ब रोखून ठेवू नका, त्याच्या उष्णतेने काच तापते. एलईडी टॉर्च पुरे.

शिळा तडा

आता काकांचं पहिलं वाक्य. संध्याकाळी वजन उतरवून तडा तसाच सोडला, सकाळी पुन्हा तेच वजन लावलं, आणि तडा ढिम्म. अर्धा तास, एक तास, काही नाही. मग अचानक चालू लागतो, आणि वेगही पहिल्यासारखा येतो.

सोडा-लाइम काचेत हे होतं, आणि उंबरठ्याच्या, म्हणजे ज्या 'के'च्या खाली तडा सरकतच नाही त्या हद्दीच्या, खाली धरून ठेवलेल्या तड्यात विशेष होतं. ओल्या टोकाशी काचेतला सोडियम बाहेर येतो, तिथली काच बदलते, आणि तड्याला पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. कधी तर तो मूळ पातळी सोडून किंचित वेगळ्या पातळीवरून निघतो. टॉर्च तिरपा धरून बघितलात तर त्या जागी तड्याच्या पृष्ठभागावर एक बारीक रेष दिसते. ती दिसली की समजा, इथे तडा थांबून पुन्हा निघाला होता.

हा थांबण्याचा वेळ वेगात धरू नका. शिळा तडा वापरायचाच असेल, तर आधी जास्त वजनाने एक-दोन मिलिमीटर पुढे न्या, मग वजन कमी करून मोजमाप सुरू करा. मात्र सोय असेल, तर मोजमाप सलग करा. ज्यांना उंबरठाच मोजायचा आहे त्यांना हे फार महत्त्वाचं. वजन कमी करत करत तडा कुठे थांबतो ते बघा. वाढवत वाढवत तो कुठे निघतो ते बघितलंत, तर वेगळाच, मोठा आकडा येईल.

टोक वाचताना

आमचा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचतो. वाचनात एका भागाची चूक धरली, तर पाच टक्क्यांच्या आत यायला तडा निदान वीस भाग, म्हणजे ०.२ मिलिमीटर सरकायला हवा. तासाला ४ मिलिमीटर वेगाला तीन मिनिटं पुरतात. सेकंदाला एक नॅनोमीटर, म्हणजे तासाला ३.६ मायक्रॉन वेगाला पंचावन्न तास. मुलं मंद तड्याचं वाचन दर तासाला घेतात आणि आलेखात कधी शून्य, कधी तिप्पट वेग येतो. तिथे तडा अडखळत नाहीये, आपण घाई करतोय. मंद तड्याला शनिवार-रविवार द्या.

दुसरी गोष्ट बघायला सुंदर आहे. तिरप्या उजेडात तडा चमकतो आणि टोकाजवळ रंगीत पट्टे दिसतात, रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या तेलावर दिसतात तसे. तड्याची फट टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून. अगदी टोकाशी फट प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान होते आणि परावर्तन नाहीसं होतं. म्हणजे चमक जिथे संपते तिथे तडा संपलेला नसतो, खरं टोक थोडं पुढे असतं. वजन स्थिर असेपर्यंत हे अंतरही स्थिर राहतं आणि वेगात चूक येत नाही. वजन वाढवलंत की फट रुंदावते, चमक एकदम पुढे सरकते, आणि वाटतं तड्याने उडी मारली. म्हणून वजन बदलल्यावरचं पहिलं वाचन सोडून द्या.

आणि वाचन नेहमी खालच्या पृष्ठभागावरचं, तिथेच फोकस करून घ्या. डबल टॉर्शनमध्ये तडा सरळ उभा चालत नाही. ताणाच्या, म्हणजे खालच्या बाजूला तो पुढे असतो, वर मागे रेंगाळतो, कड वाकलेली. पृष्ठभागावर दिसणारा वेग कडेच्या खऱ्या, काटकोनातल्या वेगापेक्षा जास्त असतो. दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या आकड्यांशी तुलना करताना हा फरक धरावा लागतो. तुमच्याच दोन पट्ट्यांची तुलना करायची, तर दर वेळी एकाच पृष्ठभागावर वाचणं पुरेसं.

सगळं तपासलं तरी वेग वाढत नाही

ही तक्रार वेगळी. वजन वाढवतोय, 'के' ०.६ च्या वर गेला, हवा कोरडी आहे, आणि वेग मात्र एका जागी अडकल्यासारखा. यात तुमची चूक शोधू नका. तडा इतका वेगाने चालला आहे की पाण्याची वाफ हवेतून त्याच्या टोकापर्यंत तेवढ्या वेगाने पोचत नाही. आता बंध ताणल्याने वेग वाढत नाही, पाणी किती लवकर पोचतं त्यावर तो ठरतो. आलेखावर हे आडवं पठार दिसतं, आणि वीडरहॉर्नच्या १९६७ च्या आलेखांतही ते स्पष्ट आहे: हवा जितकी कोरडी, पठार तितकं खाली. त्याच्या पलीकडे आलेख पुन्हा उभा चढतो, तिथे पाण्याचा संबंध संपतो आणि काच लवकरच फुटते. गॉगल त्या आधीपासून डोळ्यावर हवा. मात्र पठारावरचे बिंदू आणि चढावरचे बिंदू एकत्र घेऊन त्यातून सरळ रेष काढलीत, तर १६ च्या जागी ८ किंवा १० येईल आणि सगळा हिशेब बिघडेल. पठाराआधीच्या चढाचे बिंदू वेगळे काढा.

त्या ऑगस्ट-जानेवारीच्या जोडीचं काय झालं ते सांगते. निफाडच्या मुलाने पेटी बनवली, मिठाची ताटली ठेवली, जाडी स्क्रू गेजने पुन्हा मोजली, हुकाचं वजन धरलं. पावसाळ्यात एक पट्टी आणि थंडीत एक, दोन्ही ७५ टक्क्यांवर, 'के' ०.५ ला. चौपटीचा फरक दीडपटीवर आला. त्याला तेवढ्यानेच आनंद झाला होता. मी वहीतला तापमानाचा रकाना दाखवला: पावसाळ्यात २६, थंडीत दुपारी २१. दहा अंशांना दुप्पट धरलं, तर पाच अंशांना १.४. उरलेला फरक जवळजवळ सगळा तिथेच होता. आता पेटीच्या तळाशी पाण्याची बंद बाटली आणि तिच्यात माशांच्या टाकीतला थर्मोस्टॅटचा हीटर बसवतो आहोत, निदान पावसाळ्यात आणि थंडीत २८ अंशांवर धरायला.